पोरगी पुण्याला गेली म्हणून लग्न लांबलं का?

ताई, नमस्कार. मी २८ वर्षांची, गाव भुदरगड तालुक्यात, गारगोटीच्या जवळ. कोल्हापुरात इंजिनिअरिंग केलं, २२ व्या वर्षी हिंजवडीत जॉब लागला, तेव्हापासून पुण्यातच आहे, वाकडला तिघी मैत्रिणी फ्लॅट शेअर करून राहतो. सुरुवातीला लग्नाचा विषय मीच टाळला, मग स्थळं यायला लागली पण जमलं नाही. कुणाला मुलगी कोल्हापुरातच पाहिजे, कुणाला माझा पगार जास्त वाटतो, काही मला पटली नाहीत. माझ्या बरोबरीच्या चुलत बहिणीला दोन मुलं आहेत. आता माझ्या धाकट्या बहिणीला कॅप राऊंडमध्ये, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीत, पुण्यातल्या कॉलेजला सीट लागली आहे आणि अण्णा म्हणतात, एकीला पाठवून बघितलं, आता दुसरी नको, हिचंही असंच होईल. आत्या तर प्रत्येक कार्यक्रमात म्हणते की पोरीला पुण्याला पाठवलं तिथंच चुकलं. कागलचं एक स्थळ आलंय, मुलाचं स्वतःचं मशीन शॉप आहे, घर मोठं आहे, अट एकच, नोकरी सोडून इकडं यायचं. मला वाटतंय मी हो म्हटलं तर अण्णा बहिणीला पाठवतील. माझ्या जाण्यामुळंच हे सगळं झालं का? मी परत येऊ का? सीट कन्फर्म करायला थोडेच दिवस आहेत.
– एक वाचक, भुदरगड

अगं, आधी जे घाईचं आहे ते सांगते, बाकीचं सावकाश वाच. बहिणीच्या सीटसाठी कागलच्या स्थळाला हो म्हणू नकोस. स्थळ चांगलं असेल, मुलगाही चांगला असेल, त्याच्याबद्दल खाली बोलणारच आहे मी, पण हो म्हणायचं कारण हे नको. तुझी बहीण आज अठरा वर्षांची आहे, आज तिला नुसता आनंद होईल, पण चार वर्षांनी डिग्री हातात येईल तेव्हा तिला सगळं कळलेलं असेल की माझ्यासाठी ताईनं नोकरी सोडली आणि मनात नसताना लग्न केलं, आणि तुझ्या घरात कधी जरा काही बिनसलं की ती स्वतःला दोष देत बसेल. आणि तुझंच पत्र परत एकदा वाच, अण्णांनी कुठंही असं म्हटलेलं नाही की तू लग्न कर मग हिला पाठवतो. ही जोडणी तू तुझ्या मनानं केलीयस, रात्री झोप येत नसताना केली असशील. ते म्हणतात हिचंही असंच होईल. म्हणजे त्यांना भीती वाटतीय, आणि तू घाईनं लग्न केलंस म्हणून ती भीती जाणार नाही, ती वेगळ्या मार्गानं काढावी लागेल.

आता तुझा खरा प्रश्न, माझ्या जाण्यामुळं लग्न लांबलं का. तुझं मन राखायला नाही म्हणता आलं असतं पण ते खरं नाही. थोडं लांबलं. बाहेरगावी गेलं की पहिली काही वर्षं नुसतं बस्तान बसवण्यात जातात, प्रोबेशन, कॉट बेसिसवरून पीजी, पीजीवरून फ्लॅट, डिपॉझिटचे पैसे, घरी पाठवायचे पैसे, लोनचे हप्ते, त्यात कुणी लग्नाचं नाव काढलं तर नको वाटणारच. त्यात आपल्याकडं स्थळ येतं कसं ते बघ, कुणाच्या बारशाला, वास्तुशांतीला, गावच्या जत्रेला पोरगी दिसते, कुणीतरी बाई विचारते ही कुणाची गं, आणि तिथून विषय निघतो. तू या सगळ्यात असतेस किती? गणपती, दिवाळी आणि जमलं तर जत्रा. म्हणजे तू लोकांच्या डोळ्यांसमोरूनच गेलीस, मागं राहिला तो बायोडाटा, आणि बायोडाट्यात उंची, जन्मवेळ आणि पॅकेज सोडलं तर माणसाचं काय कळतं? आणि पुण्यात तुझ्या ऑफिसात एकोणतीस-तिसाव्या वर्षी लग्न करणाऱ्या मुली आजूबाजूला आहेत म्हणून तिथं तुला २८ काही वाटत नाही, तेच वय गारगोटीच्या एसटी स्टँडवर उतरल्या उतरल्या जास्त व्हायला लागतं.

आत्याला ते का जास्त वाटतं तेही समजून घे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या २५ ते ४९ वयाच्या बायकांचं पहिल्या लग्नाचं मध्यक वय १९ वर्षांच्या आसपास निघालं, म्हणजे निम्म्या बायकांची लग्नं त्याच्याही आधी झालेली. आत्यानं आयुष्यभर हेच बघितलंय, तिच्या हिशोबानं तू नऊ वर्षं मागं आहेस, ती दुष्टपणानं बोलत नाही.

पण चुलत बहिणीशी जी तुलना चाललीय ना घरात, ती मात्र चुकीची आहे. ती एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी लग्न करून गेली असेल, तेव्हा तू इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतीस. तू पुण्याला गेलीच नसतीस, आईजवळ गावातच राहिली असतीस, तरी त्या वर्षी तुझं लग्न होणार नव्हतं. लोकसंख्येचा अभ्यास करणारी माणसं हा प्रश्न नेहमी विचारतात की बाहेर पडलेल्यांची लग्नं उशिरा होतात ती बाहेर पडल्यामुळं, का मुळात ज्यांना आधी शिकायचं, कमवायचं असतं तेच लोक बाहेर पडतात? खरं म्हणजे दोन्ही थोडं थोडं असतं. तुझ्यात शिकायची, स्वतःच्या पायावर उभं राहायची जी इच्छा होती ती हिंजवडीत उगवलेली नाही, ती दहावीलाच तुझ्यात होती आणि तिला खतपाणी अण्णांनीच घातलं. हे त्यांना एकदा आठवण करून दे, आणि आभार मानून दे, सुनावून नको.

आणि आत्याचं ते वाक्य, पुण्याला पाठवलं तिथंच चुकलं, त्याच्यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण आपल्या जिल्ह्याला गाव सोडणं काही नवं नाही. भुदरगड, आजरा, चंदगड, गडहिंग्लज, शाहूवाडी, या सगळ्या डोंगरी भागातून किती पिढ्या मुंबईला गेल्यात. माझ्या आजोळी घरटी एक माणूस गिरणीत होता. लालबाग-परळला एकेका गावाची खोली असायची, एका खोलीत वीस-पंचवीस माणसं, पाळीप्रमाणं झोपायची, एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा, जेवण खानावळीत, आणि महिन्याला मनीऑर्डर गावाकडं. या माणसांची लग्नं लांबली का? अजिबात नाही. पोरगा गिरणीत चिकटला की दोन-तीन वर्षांत मे महिन्याच्या सुट्टीत गावात लग्न, पंधरा दिवसांनी हा मुंबईला आणि बायको सासू-सासऱ्यांजवळ शेतात. कारण त्या लग्नाला मुंबईत घर लागतच नव्हतं. संसार गावात, बापाच्या घरात, तिथं चूल आधीच पेटलेली, नवीन काही मांडायचं नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार त्यात होते, आणि त्यातले कितीतरी आपल्या या तालुक्यांत परत आले ते त्या बायकोच्या शेतावरच जगले. त्या बायकांनी काय भोगलं हा वेगळाच विषय आहे, एका पत्रात बसणारा नाही. पण त्या पिढीत गाव सोडल्यानं लग्न एक दिवसही थांबलं नाही.

आणखी एक बघ, हे तर तुझ्या डोळ्यांसमोरचंच आहे. दिवाळीच्या सुमाराला बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आपल्याकडं यायला लागतात, बिद्री, कागल, हमीदवाडा, सगळीकडं फडात खोप्या दिसतात. तिथं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा पोरगा असेल तर तो अर्धा कोयता. म्हणजे लग्न झालं की उचल वाढली. आणि आईबाप सहा महिने फडावर असताना वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची आणि बरोबर आणली तर त्या खोपीत कशी सांभाळायची, या काळजीनं पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न लावून मोकळे होतात. वर सांगितलेल्या त्याच आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या बायकांत अठराच्या आत लग्न झालेल्या जवळजवळ ४४ टक्के निघाल्या, सगळ्या महाराष्ट्राचा आकडा २१.९ टक्के असताना. दोन-तीन वर्षांची पोरं उसाच्या पाल्यात खेळताना बघतो आपण आणि त्यांची आई विशीचीसुद्धा नसते. मला ते बघून दर वर्षी पोटात तुटतं. तर सांगायचं हे की तेही गाव सोडूनच आलेत, आणि गाव सोडल्यामुळंच त्यांची लग्नं लवकर झालीत.

म्हणजे बघ, गाव सोडलं की लग्न लांबतं असा काही नियम नाही. कोण जातंय, कशासाठी जातंय, आणि लग्न झाल्यावर संसार कुठं आणि कुणाच्या पैशानं मांडायचा, याच्यावर सगळं अवलंबून आहे. जिथं दोघांनी आधी कमवायचं आणि मग स्वतःचं घर मांडायचं अशी पद्धत आहे तिथं लग्न उशिराच होतं, आणि हे काही आजच्या पुण्याचं खूळ नाही. जॉन हाजनल नावाच्या अभ्यासकानं १९६५ मध्ये दाखवलं की पश्चिम युरोपात शेकडो वर्षं बायकांची लग्नं साधारण तेविशी-पंचविशीला किंवा त्यानंतर होत होती, आणि त्यामागचं एक कारण असं सांगतात की तिथली पोरंपोरी वयात आल्यावर घर सोडून दुसऱ्यांच्या घरी, शेतावर चाकरीला जायची, काही वर्षं पैसे साठवायची आणि मग वेगळं घर करून लग्न करायची. तू वाकडला जे करतीयस ते तेच आहे. यात पोरगी बिघडली, हाताबाहेर गेली असं काही नसतं.

आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. बाईनं गाव सोडणं ही आपल्याकडं काही आक्रीत गोष्ट आहे का? २०२०-२१ च्या सरकारी श्रमशक्ती सर्वेक्षणात बघ, देशातल्या ४७.९ टक्के बायका स्थलांतरित निघाल्या आणि पुरुष फक्त १०.७ टक्के. आणि त्या बायकांतल्या ८६.८ टक्के कशासाठी गेल्या? लग्नासाठी. आत्या स्वतः लग्न करून दुसऱ्या गावाला गेली, तुझी आई आली, आजी आली. ओळखीचं कुणी नाही, स्वतःच्या नावावर काही नाही, अशा घरात अठराव्या वर्षी पोरगी पाठवताना आपल्याला भीती वाटत नाही आणि शिकायला, होस्टेलवर, चार मैत्रिणींत पाठवताना वाटते. आणि पोरांचं बघ, आपल्याच भागातली किती पोरं पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करत बसलीत, खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत परीक्षा देता येते, तिशी उलटली तरी पोस्ट निघाली की करू म्हणून लग्न थांबलेलं असतं, पण त्यांच्या धाकट्या भावाला कुणी म्हणत नाही की एकाला पाठवून बघितलं आता तू नको. हे तू अण्णांना बोल. शांतपणे बोल, पण बोल.

मात्र अण्णांना खलनायक करू नकोस. भुदरगडातल्या एका खेड्यातल्या माणसानं पोरीला आधी कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आणि बाविसाव्या वर्षी पुण्याला पाठवली, तेव्हाही लोक बोलले असतील, तेव्हा त्यांनी ऐकलं नाही. सहा वर्षं तेच बोलणं ऐकून आता माणूस थकलाय. पारावर, दूध डेअरीत, पतसंस्थेत, लग्नाच्या मांडवात, जो भेटेल तो विचारतो, थोरलीचं जमलं का? आणि त्यांच्याकडं उत्तर नसतं. इथं मी तुला थोडं टोचणारं बोलणार आहे, राग मानू नको. त्यांच्याकडं उत्तर नाही कारण तू त्यांना ते दिलेलंच नाहीस. सुरुवातीला विषय मीच टाळला असं तू लिहिलंयस, आणि नंतरही बघू, अजून नको, या आठवड्यात रिलीज आहे, पुढच्या वेळी आले की बोलू, असंच चाललं असणार, कारण माझ्याकडं येणाऱ्या पुण्या-बेंगळुरूच्या पत्रांत नव्वद टक्के वेळा असंच असतं. मला आत्ता लग्न करायचं नाही हा निर्णय झाला, आणि मला करायचंय, असा माणूस पाहिजे, हाही निर्णय झाला. पण नुसतं बघू म्हणत वर्षं जातात तो कुणाचाच निर्णय नसतो, आणि त्या बघूचं ओझं तिथं आईबाप उचलत असतात. तुझ्या लग्नाला जो उशीर झाला त्यातला काही तू ठरवून केलास, त्याबद्दल कुणाची माफी मागायची गरज नाही. काही नुसता झाला. तो कुठला ते तुझं तू शोध.

आता बहिणीचं. तिच्यासाठी फोनवर भांडू नकोस, फोनवर अण्णा नाहीच म्हणणार आणि एकदा म्हटलेलं नाही मागं घेणं बापाला जड जातं. रजा टाक आणि या शुक्रवारी रात्री निघ. घरात ज्याचं अण्णा ऐकतात असा एक माणूस गाठ, मामा असेल, शाळेचे जुने सर असतील, सोसायटीतले कुणी असतील, पण आत्या घरी नसताना बोला. पैशाचा मुद्दा निघाला तर सांग की २०२४-२५ पासून महाराष्ट्र सरकारनं कॅप राऊंडमधून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय. मॅनेजमेंट कोट्याला हे नाही, म्हणून ही सीट सोडू नका. उत्पन्नाचा दाखला, जातीचा किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला तयार आहे का ते आजच बहिणीला बघायला सांग, नसेल तर तहसीलला उद्या सकाळीच जायला लाव. होस्टेलची चौकशी तू पुण्यातून निघायच्या आधी करून ठेव, शक्य झालं तर आईला आणि अण्णांना दोघांनाही एकदा पुण्याला ने, कॉलेज दाखव, होस्टेलचं गेट किती वाजता बंद होतं ते दाखव, तुझा फ्लॅट दाखव, तुझ्या मैत्रिणींच्या हातचं जेवू घाल. सहा वर्षांत ते तुझ्या खोलीवर किती वेळा आलेत? बहुतेक कोल्हापूरचे आईबाप पोरीला पुण्याला सोडतात आणि परत तिथं पाऊल टाकत नाहीत, मग त्यांच्या डोक्यात पुणं म्हणजे टीव्हीवरच्या बातम्याच राहतात.

आणि हिचंही असंच होईल याला उत्तर असं दे की अण्णा, ती चार वर्षं शिकायला चाललीय, बावीसची होईल तेव्हा परत आपण बसून बोलू, तिचं लग्न, तिची नोकरी, काय असेल ते. आज शिक्षणाचं बोलूया. बहिणीलाही समोर बसव. तिच्याबद्दल बोलणं चाललंय आणि ती आत स्वयंपाकघरात चहा करतीय असं नको.

घरात आणखी एक वाक्य फिरत असणार, वय वाढलं की स्थळं येत नाहीत. याच्यात दम नाही. २००१ च्या जनगणनेत आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं मुली होत्या फक्त ८३९. सोनोग्राफीनं आपल्या सुपीक, साखर कारखान्यांच्या, सुधारलेल्या जिल्ह्यानं स्वतःच्या लेकींचं काय केलं ते त्या आकड्यात आहे. २०११ ला तो ८६३ झाला, तोही काही अभिमानानं सांगावा असा नाही. त्या २००१ च्या मोजणीतली पोरं आज लग्नाच्या वयात आहेत, तू स्वतः त्यात मोजलेली आहेस, आणि म्हणूनच आज गावोगाव तिशीला आलेली पोरं लग्नाची थांबलीत, त्यात शिकलेल्या पोरी पुण्याला गेल्या आणि शेतीवाल्या पोराला कुणी द्यायला तयार नाही. २०२२ च्या डिसेंबरात सोलापूरला लग्नाळू पोरांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा काढला होता, लोक हसले, मला हसू आलं नाही. तर स्थळं येतील. पण मुली कमी आहेत म्हणून मुलींचं चांगलं चाललंय असंही समजू नकोस, कमी आहेत म्हणून तर लवकर ठरवून टाका, हातची जाऊ देऊ नका, ही घाई वाढलीय, कागलवाल्यांना अट घालून वर लवकर उत्तर पाहिजे असेल तर त्याचं एक कारण तेही असू शकतं. आणि मुलाबाळांची काळजी कुणी बोलून दाखवली तर डॉक्टर काय सांगतात ते सांग, पस्तिशीनंतर अवघड व्हायला लागतं, अठ्ठावीसला घाबरायचं काही कारण नाही.

परत येऊ का असं विचारलंयस. यायचं असेल तर ये गं, कोल्हापुरात परत येणं ही काही हार नाही. आईबापाजवळ राहावंसं वाटतं, पुण्याच्या ट्रॅफिकचा कंटाळा आला, आपल्या मातीत काहीतरी करावंसं वाटतं, ही सगळी चांगली कारणं आहेत. पण हिशोब करून ये. तुझ्या कामाच्या कंपन्या इथं मोजक्या आहेत, पगार बराच खाली येईल, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत काम आहे पण ते फाउंड्रीचं, मशीनिंगचं, सगळं तुझ्या कामाचं नाही. सध्याच्या कंपनीत आठवड्यातले काही दिवस घरून काम चालतं का, पूर्ण रिमोट मिळतं का, हे राजीनामा द्यायच्या आधी विचार. आणि शिक्षा म्हणून येऊ नकोस, आत्याचं तोंड बंद करायला तर मुळीच नाही, कारण आलीस तरी ते बंद होणार नाही, मग ती म्हणेल नोकरी सोडून आली, काहीतरी झालं असणार.

आता कागल. हे स्थळ मी लगेच मोडीत काढणार नाही. स्वतःचं मशीन शॉप चालवणारा पोरगा म्हणजे कष्टाळू असणार, आणि त्याचा धंदा तो पुण्याला नेऊ शकत नाही हेही खरं आहे, त्याची मशीनं, कामगार, ऑर्डरी सगळं इथं. तेव्हा कुणीतरी एकानं जागा बदलावी लागणार. फक्त मला तुझ्या पत्रातून कळलेलं नाही की नोकरी सोडायची अट त्याची आहे, त्याच्या आईची आहे का मध्यस्थानं स्वतःच्या डोक्यानं लावलीय. मध्यस्थ असं लय वेळा करतात, दोन्हीकडं जे सोपं पडेल ते बोलतात. इकडं यायचं आणि नोकरी सोडायची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकत्र बांधून आल्यात. तो म्हणत असेल की माझा धंदा इथं आहे, तू इथं ये, तुझं काम घरून चालत असेल तर चालू दे, नाहीतर आपण मिळून काहीतरी बघू, तर त्या माणसाशी पुढं बोलण्यासारखं आहे. आमच्यात सुना नोकरी करत नाहीत असं असेल तर तेही आत्ताच कळलेलं बरं, साखरपुड्यानंतर नको.

म्हणून त्याच्याशी एकटीनं बोल. घरच्या बघण्याच्या कार्यक्रमात नको, तिथं दोन्हीकडची दहा माणसं आणि पोह्यांच्या बशा, कुणी खरं बोलत नाही. गावी आलीस की शनिवारी कोल्हापुरात भेट, घरी सांगून भेट, लपवून नको. तास-दोन तास बसा. धंद्यावर कर्ज किती आहे विचार, घरात पैशाचे निर्णय कोण घेतं विचार, तुझ्या पगारातून तू आईबापाला पैसे देतेस ते लग्नानंतरही चालू राहतील हे सांग आणि त्याचा चेहरा बघ. तुझ्या मनात काय आहे तेही त्याला कळू दे, तूसुद्धा त्याला नुसती बायोडाट्यातूनच दिसलीयस. दर वेळी तो आई म्हणेल तसं असंच म्हणत असेल तर लग्न त्याच्या आईशी करायचं आहे असं समजून विचार कर. आणि काहीही ठरलं तरी बहिणीचं ॲडमिशन झाल्यावरच अण्णांना सांग, दोन्ही विषय एका दिवशी काढू नकोस.